वाढत्या अंगाचे बाण

मी नववीत होते, म्हणजे सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव साल असेल. अवसरी बुद्रुकला आमच्या घराच्या ओट्यावर मी दोन्ही हात समोर ताणून, तळवे जोडून उभी होते आणि आई टेप घेऊन माझं माप काढत होती... फ्रॉकचं नव्हे, बाणाचं.

शाळेत नुकतीच धनुर्विद्या सुरू झाली होती. सरांनी पुण्याहून बाणांच्या लाकडी काड्या आणल्या आणि प्रत्येकीला सहा-सहा देऊन सांगितलं, घरून मापात कापून आणा. काडीचं एक टोक छातीला लावायचं, हात पुढे ताणायचे आणि बोटांच्या पुढे एक इंच सोडून कापायचं. इतकं सोपं...

पण आमची आई म्हणजे गावातल्या निम्म्या पोरींचे फ्रॉक शिवणारी. जन्मात तिनं पोरींचं काही अंगाबरोबर शिवलं नव्हतं, सगळं वाढत्या अंगाचं. माझा पाचवीतला युनिफॉर्म मला सातवीत नीट बसला, यावरून काय ते समजा.

तिनं काडीवर खडूनं खूण केली. लाकडाच्या चिरफळ्या निघू नयेत म्हणून खुणेवर चिंधी घट्ट गुंडाळली आणि पाइप कापायच्या ब्लेडनं काडी गोल फिरवत कापली. काम इतकं सुबक की सुतारानं तोंडात बोट घालावं. फक्त सहाच्या सहा काड्या सरांनी सांगितल्यापेक्षा अडीच इंच लांब.

मी थयथयाट केला. ती शांतपणे काड्यांना लोखंडी टोकं चिकटवत म्हणाली, "लांब हाय ते कापता येतं. तोकडं झालं तर जोडता येत न्हाई."

मैदानावर मुलींनी विचारलं, केरसुणीच्या काड्या आणल्यास का. बाण जड, त्यामुळे खालीच पडायचे. मग मी नेम जरा वर धरायला शिकले आणि महिनाभरात बरे लागायला लागले... पण आईवरचा राग काही गेला नाही.

जिल्हा संघाची निवड स्पर्धा जुन्नरला होती. तिथे भीमाशंकरच्या बाजूच्या आश्रमशाळेतली मंदा भेटली. उंच, सडपातळ, हात हे एवढे लांब. तिचे बाण एसटीत तांदळाच्या पोत्याखाली सापडून मोडले होते आणि ती एकेकीकडे मागत फिरत होती.

पण सगळ्यांचे बाण तिला आखूड. धनुष्य पूर्ण ओढलं की बाणाचं टोक मागे येऊन तिच्या हातावरच टेकायचं. ती माझ्यासमोर आली, माझे बाण बघितले, मग स्वतःचे हात.

"तुजं पुरत्याल मला. तीन दे ना," ती म्हणाली. "संध्याकाळी पुसून देते."

खोटं कशाला बोलू, नाही म्हणायचं अगदी ओठांवर आलं होतं. चौघींचीच निवड होणार होती आणि आधीच्या वर्षी हीच पहिली आल्याचं कानावर होतं. पण ती इतक्या सहज मागत होती, वर्गात पट्टी मागावी तशी... दिले तीन.

मंदा दुसरी आली. मी पाचवी.

संध्याकाळी तिनं खरंच ओढणीनं पुसून बाण परत दिले. मी ते घेऊन घरी आले आणि उंबऱ्यातच रडायला बसले. आईनं जवळ येऊन हळूच विचारलं, "बाण लांब झालं का गं?"

मी म्हणाले, "हो."

एवढंच. मंदाचं नावसुद्धा घेतलं नाही. कुणावर तरी राग काढायचा होता आणि आई समोर होती... आपल्या लोकांवर राग काढणं किती सोपं असतं ना.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर आईनं स्टोव्हवर तापवून सगळी टोकं काढली होती. सहाही बाण बरोबर मापात कापून, परत टोकं बसवून, देव्हाऱ्याशेजारी उभे करून ठेवले होते. आयुष्यात पहिल्यांदा तिनं माझ्यासाठी काही अंगाबरोबर केलं होतं.

त्या वर्षात मी ताडासारखी वाढले. दहावीत पहिल्याच सरावाला सर ओरडले, बाण आत येतोय, हात फोडून घेशील. सहाच्या सहा बाण वाया.

घरी आले आणि आईला सगळं सांगून टाकलं. मंदा, तिचे मोडलेले बाण, माझा तो 'हो'. आईनं हातातलं शिवण बाजूला ठेवलं. मला वाटलं, आता पाठीत धपाटा.

मग तिनं विचारलं, "त्या पोरीला पुरलं व्हतं ना पण, नीट?"

मी मान हलवली. "मंग माजं माप चुकलं नव्हतं," ती म्हणाली आणि मशीनवर जाऊन बसली.

नव्या काड्या आल्या. आईनं टेप लावून विचारलं, किती सोडू? मी म्हटलं, तुला वाटेल तेवढं. त्या वर्षी मंदा पहिली आली आणि चौथ्या नंबरावर माझं नाव लागलं.

पण आज लिहायला बसले ते निवडीसाठी नाही. मधल्या त्या वर्षभर माझी आई गिऱ्हाइकाचं प्रत्येक माप दोन-दोनदा घ्यायची. आपला अंदाज चुकायला लागला असं तिला वाटत होतं... माझ्या एका शब्दामुळे. मला ते दिसत होतं आणि मी गप्प होते.

तेव्हा घरात सांगितलं, आज चारचौघांत सांगते. आई, तुझं माप बरोबर होतं गं. मीच तोकडी पडले.