जाड्या हिरोची गाणी

चंदनसारच्या आमच्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर एक म्हातारबुवा राहत. सुरुवातीच्या बोलपटांची गाणी त्यांनी लिहिलेली. घरोघरी केबल आली त्या वर्षी सोसायटीच्या गणपतीत त्यांचा सत्कार झाला. पाहुण्या प्राध्यापकांनी त्यांच्या आखूड ओळींत माणसाचं एकटेपण शोधून काढलं.

म्हातारबुवांनी माइक ओढला. "कसलं डोंबलाचं एकटेपण! हिरो जाडा होता. तेव्हा कॅमेऱ्यासमोर पळता पळताच गावं लागे. चार शब्दांवर त्याला धाप लागायची!"

नंतर त्यांची शाल आणि नारळ घेऊन मी मागोमाग जिना चढत होतो. ते त्या हिरोचंच एक गाणं गुणगुणत होते. पहिल्या मजल्यावर ओळ अर्धीच सोडून त्यांनी कठडा धरला.

"च्यायला," ते धापा टाकत म्हणाले, "दोन शब्दांचीच लिहायला हवी होती."