रसायनाचं पिंप

ती घटना आजही आठवते आणि आठवली की राग पुन्हा ताजा होतो. ऐंशीच्या दशकात मी बोईसर-तारापूर भागात फौजदार होतो. एका सकाळी खबऱ्या आला. "साहेब, चिंचणीची एक कोळीण भंगारवाल्यांकडे रसायनाचं पिंप विचारत फिरतेय."

हातभट्टीसाठी कुजवलेल्या गूळ-नवसागराला आमच्या पंचनाम्यात 'रसायन' म्हणतात. पंच घेऊन तिच्या घरी छापा घातला. अंगणात एक निळं पिंप मिळालं, रिकामं, धुतलेलं. शेजारी बारीक जाळी, ती आम्हाला दारू गाळायची वाटली. बाईला ठाण्यात आणलं.

"रसायन कुठं लपवलंस गं?" हवालदार गरजला.

"अरे, रसायनाचं नको, असं मी सांगत फिरते!" ती उलट कडाडली. "कंपनीच्या पिंपाला आतून वास मारते. त्यात माझं कासव मरंल."

"कासव?"

"जाळ्यात गावलं, सायेब. वल्ह्यासारका पाय फाटलाय त्याचा. असं दर्यात कसं सोडू?"

हवालदार हसला. "मग पाळलंस होय! नाव काय, मोत्या?"

"हसा, हवालदारदादा. तुमच्या दारी देव आला तर त्याला ॲसिडात बसवाल काय?"

मी स्वतः तिच्या घरी गेलो. मागच्या पडवीत ओल्या गोणपाटाखाली, घमेल्यात कासव अडकून बसलं होतं. वळायलाही जागा नव्हती. छाप्यात आम्ही ते गोणपाट उचललंच नव्हतं. दारू शोधणाऱ्याला दारूच दिसते.

वरिष्ठांना सांगितलं. ते म्हणाले, "पिंप मिळालं ना? केस करा. दारूबंदीच्या केसेस कमी पडतायत."

"रिकाम्या पिंपावर मी गुन्हा लिहिणार नाही."

"बदलीची तयारी ठेवा."

"ठेवली, साहेब."

बाईला सोडलं. स्टेशन डायरीत जे सापडलं तेच लिहिलं. पण कासवाला जागा हवीच होती. ते निळं पिंप कितीदा धुतलं तरी वास जाईना. लोखंडी पिंपाचा गंज जखमेत गेला असता. वनखात्याचा माणूस म्हणाला, "आमच्याकडे बिबट्याचा पिंजरा आहे. त्यात पाणी कसं राहणार? जखम भरेपर्यंत इथंच राहू द्या, मी येऊन बघत जाईन." शेवटी तिच्या दिरानं किनाऱ्यावर ओढून ठेवलेली जुनी होडी दिली. आत समुद्राचं पाणी भरलं, वर झावळ्या टाकल्या. तोच हवालदार बादली घेऊन उभा, "सरका देवा, पाणी ओततो!"

खबऱ्यानं या बाईचीच खबर का दिली, हे मी शोधलं. त्याची स्वतःची भट्टी खाडीकाठी पेटत होती. आम्ही चिंचणीकडे बघत राहावं, एवढीच त्याची इच्छा. तिथं छापा घातला आणि भरलेली पिंपं उलटी केली.

जखम भरल्यावर वनखात्याच्या माणसासमोर तिनं कासवाला कुंकू लावलं आणि लाटेत सोडलं. त्याच सुमारास माझी बदली झाली.

या केसनं मला शिकवलं की समोरच्याचं वाक्य अर्धं ऐकलं तर निरपराध माणूस कोठडीत जातो. आणि वरच्यांना आकडा हवा असतो, माणूस नको असतो. आकड्यासाठी एका बाईला आत टाकणारी वर्दी मला तेव्हा नको होती. आजही नको.