सुकेळ्यांना चिकटलेलं पान

परवा विरारच्या बाजारात सुकेळ्यांचा गोड, किंचित आंबूस वास आला आणि ते अर्धं चित्र पुन्हा डोक्यात घुसलं. सुट्टीत मी मनवेलपाड्याहून भुईगावला मावशीकडे जायची. अंगणातल्या मांडवावर सोललेली केळी उन्हात वाळत असायची आणि कावळे हाकलायचं काम माझ्याकडे असायचं. त्या दुपारी काठी मांडीवर ठेवून मी मावसभावाचं एक जुनं कॉमिक वाचत होते, कुठल्याशा जाडजूड सागरी कादंबरीवरून काढलेलं. नायक गुहेत अडकलेला, भरतीचं पाणी हनुवटीपर्यंत आलेलं, आणि शेवटचं पानच नव्हतं. केळीची सुकी पानं संपली म्हणून मावशीने ते सुकेळी गुंडाळायला फाडून घेतलं होतं. बाजाराचा टेम्पो यायच्या आत मी टोपलीतली पुडकी एकेक करून सोडायला लागले. "अगं, वाचला असेल नाहीतर बुडाला असेल," मावशी म्हणाली, "तू कावळे बघ." पान सापडलं, पण मधासारख्या रसाने ते असं चिकटलं होतं की ओढताच फाटलं. माझ्याकडे आला तो पाण्यातून वर आलेला एक हात; तो कुणी धरला की नाही, ते केळ्यालाच चिकटून राहिलं. मोठेपणी ती कादंबरी मिळवून वाचली. नायक वाचतो, पण त्यात गुहाच नाही. ती चित्रकाराने आपल्या मनाने घातलेली. परवा मी सुकेळी घेतली आणि घरी पोचेपर्यंत धीर धरवेना. रिक्षातच पुडकं सोडून आतला कागद उलटून पाहिला.