पोरसाचं धोतर

नाटकवाल्यांत चार दिवस काढले की किस्से दोऱ्यासारखे अंगाला चिकटतात. कितीही झटका, एखादा राहतोच. हे माझे अमेरिकेतल्या पिस्कॅटवेचे, दोन हजार पाच सालचे.

तिथल्या एका कॉलेजात दोनशे वर्षांपूर्वीचा फ्रेंच ऑपेरा बसवत होते. म्हणजे अख्खं नाटक गाऊनच! सिकंदर हिंदुस्थानात येतो, पोरस राजाला हरवतो, ही गोष्ट. मी बेसमेंटमध्ये ब्लाउज शिवते, म्हणून डायरेक्टर कॅथीबाई कपड्यांसाठी माझ्याकडे आल्या. मी चौथी पास, पण पोरस मला ठाऊक होता. सांगून टाकलं, त्याला भिकारी दाखवलात तर कात्री उचलून घरी जाईन.

*

पोरस झाला टेक्ससचा ब्रायन, ताडमाड, गोरापान. आणि सिकंदर कोण? केमिस्ट्रीत पीएचडी करणारा आपला नागपूरचा सुमेध! मी त्याला झाडलाच, "अरे, तू शत्रूकडून?"

"मावशी, सिकंदराची गाणी माझ्याच पट्टीत बसतात. मी काय करू?"

*

पोरसाचा हत्ती कापडाचा, आत दोन पोरं. मागचे पाय पुण्याचे. तालमीत पुढचे पाय वळले, मागचे जागीच. हत्ती मधोमध फाटला. आतून आवाज आला, "वळायचंय हे मला आधी कोणी सांगितलं होतं का?"

शिवण माझ्याच गळ्यात.

*

खरी जुंपली धोतरावरून. कॅथीबाईंना पिना आणि वेल्क्रो हवं. मी म्हटलं, राजाला पिना टोचत नाहीत. सुमेधनं इंग्रजीत काय सांगितलं कोण जाणे, बाई हसल्या. पण बजावून गेल्या, धोतर स्टेजवर सुटलं तर पुढच्या प्रयोगांना राजा पँट घालील. मीही कमी नाही.

"सुटलं तर मी पुन्हा सुई धरणार नाही."

*

पहिला प्रयोग. शेवटाला हरलेला पोरस मान खाली घालून उभा, समोर सिकंदर गातोय. आणि ब्रायनचा सोगा सुटला! सुमेध गाणं न थांबवता पोरसाच्या पायाशी गुडघा टेकून बसला. निऱ्या सारख्या केल्या, सोगा खोचला, मगच उठला. सगळा हॉल उभा राहून टाळ्या वाजवत होता.

कॅथीबाई धावत आत आल्या. पँटचं नाव नाही. म्हणाल्या, "मावशी, उद्याही असंच सुटू दे."

घरी धोतर धुवायला काढलं, तर सोग्यावर सिकंदराच्या बुटाचा अख्खा ठसा. दुसऱ्या दिवशी तो मी सुमेधच्या नाकासमोर धरला.

त्यानं नीट पाहिला. म्हणाला, "आज बूट पुसून जातो, मावशी."