एकच झेरॉक्स, पन्नास चौकोन

मेनफ्रेम, म्हणजे बँका-कंपन्यांतला तो अवाढव्य कॉम्प्युटर, मी उभ्या आयुष्यात बघितला नव्हता, आणि हिंगोलीत तो शिकवत होतो. हसू नका. दोन हजार साल तोंडावर आलेलं, जुने प्रोग्राम दुरुस्त करायला हैदराबादला माणसं लागतात अशी हवा होती, म्हणून आमच्या क्लासच्या मालकानं बाहेर मेनफ्रेमची पाटी ठोकली. आत काय, तर फळा, खडू आणि एका इंग्रजी पुस्तकाची एकुलती एक झेरॉक्स. दुसरी काढू म्हटलं की मालक म्हणायचा, "काहून? चाललंय की बराबर!"

त्या झेरॉक्सपायी माझं डोकं उठायचं. पोरं भांडायची, पानांवर लिहून ठेवायची. शेवटी पानं सुटी करून टेबलावर पसरली आणि दम दिला. सगळ्यांनी मिळून वाचायचं, पेन लावायचा नाही. वाचायला बसताना फळ्याच्या कोपऱ्यात एक रेघ मारायची, उठताना एक पुसायची. एकही रेघ उरली नाही की मी पानं कपाटात टाकून टेबल मोकळं करणार.

प्रोग्राम मेमरीत कसा येतो, सिस्टीम त्याची नोंद कशी ठेवते, ते पान नेमकं काळंकुट्ट आलेलं. 'मला माहीत नाही' म्हणायला काय जात होतं माझं? पण मास्तर ना मी! दिलं ठोकून. पन्नास जणांनी एकच प्रोग्राम मागितला, तर मेमरीत पन्नास प्रती येतात. फळ्यावर पन्नास चौकोनही काढले, हात दुखेपर्यंत.

कळमनुरीकडच्या तांड्यावरून एक पोरगी रोज जीपनं यायची. वर्गात सगळ्यांत हुशार. हैदराबादच्या मुलाखतीचं पत्र तिला एकटीलाच आलं. "बाप म्हणला, एकडाव जाऊन ये. न्हाई झालं तर पुन्हा नाव काढायचं न्हाई," तिनं सांगितलं.

चार दिवसांनी ती वर्ग भरायच्या आधीच आली.

"न्हाई झालं, सर. तेच इचारलं त्यांनी, पन्नास जण अन् एक प्रोग्राम. मी पन्नास प्रती म्हणलं. हसले सगळे."

त्यातल्या एकानं तिला नीट समजावलं होतं. वापरताना ज्या प्रोग्राममध्ये काहीच बदलत नाही, त्याची एकच प्रत सगळ्यांना पुरते. सिस्टीम फक्त मोजत राहते, कोणी मागितलं की एक वाढव, कोणाचं झालं की एक कमी कर. शून्य झालं की जागा मोकळी.

तिनं फळ्याच्या कोपऱ्याकडं बघितलं. कालच्या दोन रेघा पुसायच्या राहिल्या होत्या, म्हणून पानंही टेबलावरच होती.

"म्हंजी आपल्या झेरॉक्ससारखंच की, सर."

अरे देवा! रोज डोळ्यांसमोर चाललेलं, मीच लावलेला नियम, आणि मला गाढवाला ते दिसलं नाही. मालकावर चिडावं, त्या काळ्या पानावर चिडावं, पण चौकोन तर मीच काढले होते.

तेवढ्यात बाकीची पोरं आली. काय झालं, काय झालं म्हणून तिच्याभोवती जमली.

"मीच गडबडले," ती म्हणाली. "सरांनी बराबर शिकवलं व्हतं."

आणि मी तिचं बोलणं न खोडता फळ्यावरच्या त्या दोन रेघा तेवढ्या पुसल्या.