ओवाळणीतले शेअर

वहिनीचा फोन आला तेव्हा मी डाळ निवडत होते. "हे गेले गं," एवढंच ती म्हणाली. मला रडू आलं नाही, रागच आला. माझा भाऊ अप्पा खरं तर कंपनी गेली त्याच दिवशी गेला होता...

सातपूरला पंप बनवायची कंपनी त्यानं शून्यातून उभी केली. शेअर बाजारात तिचं नाव लागलं तेव्हा स्वारी अशी काही फुशारली, की विचारू नका! तेव्हापासून आम्हा दोघी बहिणींची भाऊबीजेची साडी बंद झाली. ताटात कंपनीचे शेअर पडायचे, दर वर्षी. "अप्पा, हे नेसू कसं?" मी चिडवायची. तो हसायचा. बहिणींकडे आहे म्हणजे घरातच आहे, असं तो धरून चालला. निम्म्याहून जास्त कंपनी घरात, या भरवशावर निर्धास्त राहिला.

मग एका बाहेरच्या बड्या कंपनीनं ती विकत मागितली. अप्पानं साफ नकार दिला. त्यांनी त्याला पुन्हा विचारलंच नाही. एकेका भागधारकाचं दार वाजवत ते चांदवडला, आमच्या थोरल्या ताईकडे पोचले. भाव चांगला होता, ताईनं विकले. तेवढ्यानं पारडं फिरलं आणि अप्पाला स्वतःच्याच केबिनमधून उठावं लागलं.

तो चांदवडला गेला तेव्हा मी सोबत होते. "ताई, माझी कंपनी होती ती!"

"तुझी व्हती, तर माझ्या ताटात कशाला घातली?" ताई म्हणाली. "दिलेलं माझं हाय का नाय?"

चहा तसाच ठेवून अप्पा उठला.

त्या भाऊबीजेला ताई ताट घेऊन आली, तर त्यानं आतल्या खोलीला कडी लावली. निरांजनातलं तूप संपेपर्यंत ती दारापाशी बसून होती. पुढच्या वर्षीही तेच. मी माझे शेअर विकले नव्हते, म्हणून माझ्याकडून ओवाळून घ्यायचा, पण माझ्याकडे बघायचा नाही. इतका हट्ट कशासाठी, अप्पा? छातीत दुखतंय हेसुद्धा कुणाला सांगितलं नाहीस.

यंदा भाऊबीजेला ताई माझ्याकडे आली. भाऊ नसलेल्या बहिणी चंद्राला ओवाळतात, म्हणून आम्ही दोघी गच्चीवर गेलो. बीजेची कोर बारीक, लगेच मावळणारी.

"ओवाळणी नको व्हती गं मला," ती म्हणाली. "नुसतं पाटावर बसायचं व्हतं त्यानं."