जाळीतलं फूल

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, लेकीला नाही. तुम्हाला सांगते आहे — का, ते विचारू नका.

घाटनांदूरच्या आमच्या घरात बैठक आणि माजघर यांच्यामध्ये सागवानी आडपडदा होता. बिजागऱ्यांवर दुमडणारा, बारीक फुलांच्या जाळीचा. मामंजींनी — माझ्या सासऱ्यांनी — तो हैदराबादेहून आणवला होता. पुरुषमाणसं बैठकीत, आम्ही बायका त्याच्या आड. माझ्या शेजारी वन्सं बसायच्या — धाकटी नणंद गोदा, लग्नाला वर्ष होतंय तोवर विधवा होऊन माहेरी आलेली.

जाळी इतकी दाट, की पलीकडची नुसती पागोटी दिसत. एकदा बीडचे पाहुणे भोंग्याचं गाणारं यंत्र घेऊन मुक्कामाला आले. सकाळी ते वाजलं. बाई नाही, नुसतं यंत्र, आणि आवाज मात्र बाईचा! तो निघतो तरी कुठून? मला राहवेना. दुपारी घर निजलं तेव्हा मी अडकित्त्याच्या टोकानं जाळीतलं एक फूल उचकटलं, चुलीत टाकलं. एवढंच. फार मोठं काय होतं त्यात?

संध्याकाळी यंत्र पुन्हा वाजलं. मी भोकाला डोळा लावला तो गाणं संपेपर्यंत काढलाच नाही. एका पाहुण्याचं लक्ष गेलं.

"पाटील, तुमच्या पडद्याला डोळा फुटलाय."

सगळे हसले. मामंजी हसले नाहीत.

पाहुणे गेल्यावर ते आत आले. भोक पाहिलं आणि थेट वन्संना विचारलं. तरणी विधवा — परक्या पुरुषांकडे दुसरं कोण बघणार? माझं नाव त्यांच्या मनातही आलं नाही.

"म्या न्हाई केलं," वन्सं म्हणाल्या. मग माझ्याकडं पाहिलं. त्या शेजारीच होत्या, सगळं जाणत होत्या. तरी माझं नाव घेतलं नाही — मीच बोलेन म्हणून थांबल्या.

मामंजी माझ्याकडं वळले. "सूनबाई, इथं कोण बसतं?"

मी तेव्हा पोटुशी होते, पहिलटकरीण — पण ते कशाला सांगते आहे?

"वन्सं बसतात," मी म्हणाले.

वाक्य खोटं नव्हतं. म्हणून तर इतकं सहज बोलता आलं.

त्यांना लिंबागणेशला एका चुलत आत्याच्या घरी धाडायचं ठरलं. निघायच्या दिवशी त्या चुलीपाशी आल्या. हळूच विचारलं, "वहिनी, असं कावून केलं? का?" मी भाकरी थापत राहिले.

तिकडं त्या राबत राहिल्या. मामंजींनी पुन्हा कधी घरात घेतलं नाही. मामंजी गेल्यावर तरी मी बोलले का? नाही. काही वर्षांनी वन्सं तिकडंच तापानं गेल्या.

निरोप आला तेव्हा मी लई रडले. शेजारणी भोवती जमल्या होत्या. एकीनं दुसरीला म्हटलं, "भावजय असावी तर अशी. सख्ख्या बहिणीवानी रडती हाय."

मी ते ऐकलं. आणि पदर तोंडाला लावून आणखी रडले.